अरुगुला, रॉकेट, रुकोला, जर्जीर: एकच तिखट पाला कसा ओळखायचा, लावायचा आणि खायचा

दुबईत राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भाजीच्या दुकानात कोथिंबीर-पुदिन्याच्या शेजारी एक जुडी दिसली, पानं लांबट, मुळ्याच्या कोवळ्या पाल्यासारखी, कडांना खाचा, आणि पाटीवर नाव जर्जीर. मी मुळ्याचाच पाला समजून घेऊन आले. घरी एक पान धुवून तोंडात टाकलं तर आधी कच्च्या शेंगदाण्यासारखी चव आणि मग दोन क्षणांनी मोहरी फेसताना नाकात जाते तशी झिणझिणी. आवडलंच एकदम. शेजारच्या इजिप्तच्या काकू म्हणाल्या हे तर आमचं गर्गीर, फूल मेदामेसबरोबर म्हणजे त्यांच्या त्या शिजवलेल्या बाकल्याच्या उसळीबरोबर आम्ही कच्चंच खातो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी जर्जीर आणत होते आणि त्याच वर्षात अरुगुला सॅलडच्या रेसिपी वाचून "अरुगुला कुठे मिळणार" म्हणून सोडून देत होते. मग लंडनहून भाची आली, फ्रीज उघडला आणि म्हणाली मावशी इथे रॉकेटची एवढी मोठी जुडी मिळते? तेव्हा कुठे कळलं की तिन्ही एकच.

आता पुण्यात बाल्कनीत दर हिवाळ्यात लावते, आणि ओळखीतल्या लोकांचे प्रश्न नेहमी नावापासूनच सुरू होतात. म्हणून आधी नावं.

अमेरिकेत अरुगुला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये रॉकेट. इटलीत रुकोला, रोमकडे रुगेत्ता किंवा रुकेत्ता. फ्रान्समध्ये रोकेट. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये रोका. ब्राझील-पोर्तुगालमध्ये रुकुला. अरब देशांत जर्जीर. आणि आपल्या राजस्थान, हरियाणा, पंजाबात तारामिरा, ज्याबद्दल पुढे सविस्तर सांगते कारण भारतात राहणाऱ्यांसाठी ते सगळ्यात कामाचं आहे.

युरोपातली सगळी नावं एकाच लॅटिन शब्दातून आलीत, इरुका. त्याचं इटालियनमध्ये झालं रुका, लाडाने छोटं केलं की रुकेत्ता, फ्रेंचांनी त्याचं रोकेट केलं आणि इंग्रजांनी रॉकेट. आकाशात जाणाऱ्या रॉकेटशी याचा काही संबंध नाही, तो शब्द सूत गुंडाळायच्या चातीसाठीच्या वेगळ्या इटालियन शब्दावरून आला. अमेरिकेतलं अरुगुला हे नाव तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण इटलीतल्या लोकांच्या बोलीतून रुजलं, त्यामुळे इंग्रजी एकच असून दोन देशांत दोन नावं. लॅटिनमध्ये इरुका म्हणजे सुरवंटसुद्धा, आणि स्पॅनिशमध्ये या भाजीचं जुनं नाव ओरुगा, त्याचाही अर्थ सुरवंटच. जर्मनीत याला पूर्वी राउके म्हणायचे, मग ती भाजी लोकांच्या ताटातून गेली आणि खूप वर्षांनी इटालियन हॉटेलांमधून रुकोला या नावाने परत आली.

नावाबरोबर भाव पण बदलतो हे मला फार जाणवतं. आखातात जर्जीर म्हणजे रोजची स्वस्त जुडी. अमेरिकेत २००७ साली बराक ओबामा आयोवातल्या शेतकऱ्यांशी बोलताना अरुगुलाच्या वाढलेल्या भावाबद्दल बोलले तर त्यावरून ते सामान्य माणसापासून दूर आहेत अशी टीका झाली. आपल्याकडे मॉलमध्ये प्लास्टिकच्या डबीत मूठभर पानं अरुगुला म्हणून महागात विकतात. आणि याच झाडाचं बी आपल्याच देशात शेतकरी तेलासाठी शेतात पेरतो. म्हणून नावाला बिचकू नका, घरी लावा, लावायला मेथीइतकंच सोपं आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, रुकोला किंवा रॉकेट या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळी झाडं विकली जातात. एक साधं, शास्त्रीय नाव इरुका सटायव्हा. याची पानं रुंद, टोकाला गोलसर, खाचा मोठ्या, फूल मलईसारखं पांढरट आणि त्यावर जांभळट-तपकिरी शिरा, आणि हंगाम संपला की झाड संपलं. दुसरं जंगली रॉकेट, शास्त्रीय नाव डिप्लोटॅक्सिस टेन्युइफोलिया. याची पानं अरुंद, खाचा खोल आणि टोकदार, चव जास्त उग्र, फूल पिवळं, आणि हे वर्षानुवर्षं टिकणारं झाड. इटलीत सालेर्नोच्या आसपास ही जंगली जात हरितगृहांमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकवतात, म्हणजे नाव जंगली असलं तरी बाजारात येतं ते शेतातलंच. युरोपातल्या सुपरमार्केटच्या पाकिटातली बारीक नक्षीची पानं बहुतेक वेळा हीच असतात. खायला दोन्ही चालतात, पण लावताना फरक पडतो, जंगली जात उगवायला नि वाढायला हळू, बी धुळीसारखं बारीक. पहिल्यांदा लावणार असाल तर साधीच घ्या.

बी घेताना मात्र खरंच जपा, हा भाग घाईने वाचू नका. नुसतं रॉकेट असं नाव पाहून पाकीट उचलू नका. आपल्याकडे हिवाळ्यात बागेत लावतात त्या लार्कस्परच्या फुलाला रॉकेट लार्कस्पर म्हणतात आणि ते झाड विषारी आहे, पान-बी सगळंच. स्नॅपड्रॅगन फुलांमध्ये रॉकेट नावाचं वाण आहे. डेम्स रॉकेट हे जांभळ्या फुलांचं शोभेचं झाड. लंडन रॉकेट म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बी मिळतं ती खूबकला. तेव्हा पाकिटावर इरुका हा शब्द आहे का ते बघायचं, दुकानदाराला माहीत नसलं तरी पाकिटावर छापलेलं असतं. आणि क्रेस असं लिहिलेलं असेल तर ते आपलं अळीव, हळीव म्हणा हवं तर, ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात. ते याच मोहरीच्या कुळातलं आहे, त्याचा पालाही तिखट लागतो आणि इंग्लंडमध्ये अंड्याच्या सँडविचमध्ये त्याचे कोवळे कोंब घालतात, पण ते झाड वेगळं.

तर तारामिरा. तारामिरा म्हणजे इरुका सटायव्हाच, तेच झाड. राजस्थानात वगैरे कमी पाण्याच्या जमिनीत रब्बीला पेरतात कारण दुष्काळ सहन करतं, बियांपासून उग्र वासाचं तेल काढतात, ते डोक्याला लावतात, आणि पेंड जनावरांना घालतात. फक्त हे वाण शेकडो वर्षं बियांसाठी निवडलेलं आहे, पानांसाठी नाही, त्यामुळे पान जरा जाडसर नि जास्त तिखट येतं आणि फुलावर लवकर जातं. पण बी भरपूर आणि स्वस्तात मिळतं, कोवळं असताना कापलं तर मला तरी चवीत फार कमी वाटलं नाही. एकच अट, शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बी बऱ्याचदा औषध लावलेलं असतं, गुलाबी किंवा निळसर रंग दिसतो, तसलं बी घरच्या पालेभाजीसाठी अजिबात घेऊ नका. औषध न लावलेलं, मोहरीसारख्या नैसर्गिक रंगाचं बी विचारून घ्या.

आता पेरणी. महाराष्ट्रात याचा हंगाम म्हणजे दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. थंड हवा या पाल्याला लागतेच, ऊन तापायला लागलं की ते पानं सोडून फुलाच्या मागे लागतं आणि पान कडू होतं. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड जागी जास्त दिवस घेता येईल, कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत डिसेंबर-जानेवारीच खरे महिने. आखातात राहणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च धरा. ब्रिटन, अमेरिकेच्या थंड भागात, कॅनडात असाल तर उलटा हिशोब, वसंतात आणि मग परत ऑगस्ट-सप्टेंबरात पेरा, भर उन्हाळा टाळा.

कुंडी खोल लागत नाही, १५ सेंटिमीटर खोली पुरते, पण रुंद हवी. फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटला आतून जुनं गोणपाट लावून मी त्यात लावते, थर्माकोलच्या डब्याला खाली भोकं पाडूनही चालतं. माती निम्मी, बाकी चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट, एवढंच, वेगळं खत काही लागत नाही आणि युरियाचा मोह तर नकोच, कारण हा पाला मुळातच जमिनीतलं नायट्रेट पानात साठवून ठेवणारा आहे. बी मोहरीसारखं बारीक असतं त्यामुळे मूठभर कोरड्या वाळूत किंवा मातीत मिसळून भुरभुरवलं की दाट पडत नाही. वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती, हाताने हलकं दाबायचं, आणि पाणी झारीने किंवा स्प्रेने, मगाने ओतलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बदामाच्या आकाराची दोन-दोन पानं वर येतात, थंडी जास्त असेल तर आठवडा लागतो.

उगवल्यावर दहाएक दिवसांनी विरळणी करायची. याचा लोकांना जीव होत नाही, मला पण व्हायचा नाही, पण केलीच पाहिजे, नाहीतर सगळी रोपं बारीक, उंच आणि लवकर फुलावर जातात. कोवळा पाला हवा असेल तर रोपांत तीन-चार बोटं अंतर ठेवा, मोठी पानं हवी असतील तर वीतभर. उपटलेली रोपं टाकायची नाहीत, तीच पहिली कोशिंबीर.

ऊन चार-पाच तास पुरे, सकाळचं असेल तर उत्तम. माती सतत ओलसर पण चिखल नाही. पाण्याचा ताण पडला की दोन गोष्टी होतात, पान जास्त तिखट होतं आणि झाड घाबरून फुलावर जातं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारी हिरव्या नेटची सावली केली तर अजून दोन-तीन आठवडे मिळतात. एकदम सगळं पेरू नका, दर १५ दिवसांनी एक-एक क्रेट पेरा म्हणजे कायम कोवळा पाला हाताशी राहतो.

किडीचं म्हणाल तर पानाला सुईने टोचल्यासारखी असंख्य बारीक भोकं दिसली की समजा बारीक काळे उड्या मारणारे भुंगेरे आलेत, पानाला हात लावला की टुणकन उडतात. मोहरी-मुळ्याच्या कुळावर हे येतातच. पान कच्चं खायचंय त्यामुळे फवारणी नको वाटते, मी पेरल्या दिवसापासूनच क्रेटवर जुन्या मच्छरदाणीचं कापड लावते आणि तेवढं पुरतं. भोकं पडलेलं पान खायला चालतं, फक्त दिसायला बरं नसतं. मावा आला तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन काढा, पानाची मागची बाजू विसरू नका.

कापणी साधारण २५ ते ४० दिवसांत. पान बोटाएवढं, चार ते आठ सेंटिमीटर झालं की बाहेरची पानं आधी खुडा, मधला कोंब ठेवा, किंवा कात्रीने जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर सपाट कापा, मेथी-शेपूसारखी उपटू नका, कारण परत फुटतं, दोन-तीन कापण्या सहज होतात. प्रत्येक कापणीनंतर तिखटपणा वाढत जातो. सकाळी लवकर कापलेला पाला जास्त टवटवीत. धुताना मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पाला बुडवून वर उचलायचा, माती खाली बसते, असं दोन-तीनदा. मग चाळणीत निथळून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतो. ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी पिवळा.

ओळखायची खात्रीची रीत एकच, पान चुरगळून वास घ्यायचा. शेंगदाणे आणि मोहरी मिळून यावा तसा वास आला पाहिजे. हे का तर पानात गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि वेगळ्या कप्प्यात एक एन्झाइम असतं, पान फाटलं, चावलं की दोन्ही एकत्र येऊन तो झणका तयार होतो, मोहरी फेसताना होतं तेच. वास नसेल तर ते झाड हे नाही. ही काळजी उगाच नाही सांगत, २००९ मध्ये जर्मनीत रुकोलाच्या एका पाकिटात त्याच्यासारखंच दिसणारं एक विषारी तण सापडलं होतं आणि तिथे त्यावर बरीच चर्चा झाली. म्हणून बाहेर रानात दिसलं आणि पान सारखं वाटलं म्हणून तोडून खायचं नाही, आणि कुंडीत आपोआप उगवलेलं काही असेल तर ते काढून टाकायचं.

शिजवलं की ते एन्झाइम मरतं आणि तिखटपणा निघून जातो, म्हणून इटालियन लोक पिझ्झा भट्टीतून बाहेर काढल्यावर वर कच्ची पानं टाकतात, आधी नाही. घरी पिझ्झा करताना पण हेच करा. पण शिजवून खातच नाहीत असं नाही, दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात पास्ता उकळतो त्याच पाण्यात रुकोला टाकून दोन्ही एकत्र निथळतात आणि वर लसूण, ऑलिव्ह ऑइल, टोमॅटो. रोममध्ये कोवळ्या पाल्यांचं मिश्र सॅलड करतात, मिस्तिकांत्सा, त्यात हे लागतंच. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर तर याचं मद्य करतात, रुकोलिनो नावाचं. तुर्कस्तानात मासे खाताना ताटात रोकाची जुडी आणि लिंबाची फोड, आणि ही जोडी मला सगळ्यात जास्त पटते, तळलेल्या सुरमईबरोबर किंवा बोंबलाबरोबर करून बघा, नुसतं मीठ आणि लिंबू पिळून.

पण माझ्या घरी सगळ्यात जास्त होतो तो घोळाणा. मराठवाड्या-सोलापूरकडे कच्च्या मेथीचा, करडईच्या कोवळ्या पाल्याचा करतात तसाच. दोन मुठी पाला हाताने तोडून घ्यायचा, चिरायचा नाही कारण चिरला की कडेने काळा पडतो आणि झणका जास्त येतो. त्यात बारीक चिरलेला कांदा, हवा तर टोमॅटो, दोन-तीन चमचे दाण्याचा जाडसर कूट, मीठ, किंचित साखर किंवा गूळ, लिंबू, आणि वरून चमचाभर कच्चं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल. तिखट घालायची गरज नाही, पाला स्वतःच तिखट आहे. मीठ आणि लिंबू अगदी ताटात वाढताना घाला, पाच मिनिटांतच पाला मान टाकतो. ज्वारीची गरम भाकरी आणि पिठलं याच्याबरोबर हा घोळाणा असला की दुसरं काही लागत नाही. सासूबाईंना कच्चा पाला आधी रुचायचा नाही, मग दह्यात कालवून वर हिंग-जिऱ्याची फोडणी गार करून घातली, तेव्हापासून त्या स्वतः मागतात. दह्याने तिखटपणा मऊ होतो, मुलांसाठी पण हेच करा.

पाला जास्त आला आणि जून व्हायला लागला की चटणी. मिक्सरमध्ये दोन मुठी पाला, भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, लिंबू, तेल, एवढंच, ब्रेडला लावा नाहीतर पास्त्यात घाला. फार कडू झाला असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढा नि मग वाटा. जून पानं थालीपिठात, मुळ्याचा पाला घालतो तशी, बारीक चिरून.

एक सूचना. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेला हिरवा पाला एकदम वाढवायचा किंवा एकदम बंद करायचा नसतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच रोजच्या जेवणात आणा.

मार्च उजाडला की कितीही पाणी घाला, मधून दांडा वर येतो. कळ्या आणि फुलं पण खाता येतात, चव तीच पण सौम्य, सॅलडवर सुंदर दिसतात. पण सगळी खुडू नका, पुढच्या वर्षीचं बी धरायचंय. यात एक अडचण आहे, हे झाड बहुतेक करून स्वतःच्या परागांवर बी धरत नाही, म्हणून एकच झाड ठेवलं तर शेंगा पोचट निघतात. किमान सहा-सात झाडं एकत्र फुलू द्या, आणि त्या दिवसांत मच्छरदाणीचं कापड काढून ठेवा म्हणजे मधमाश्या येतील. शेंगा वाळून फिक्या तपकिरी झाल्या की फुटून बी सांडायच्या आधी दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांगा, आठवड्याने पिशवीवर हाताने चोळा, सुपात पाखडा. बी नीट वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं तर तीन-चार वर्षं सहज उगवतं. बाटलीवर नाव आणि साल लिहायला विसरू नका, कारण घरात मोहरी, अळीव आणि हे बी शेजारी ठेवलं तर अंधुक उजेडात गोंधळ होतो. अळीव ओळखायला सोपं, दाणा लालसर असतो. मोहरीचा संशय असेल तर ओल्या कापडावर दहा दाणे रुजवून, पहिली कोवळी पानं येईपर्यंत थांबून चव घ्या, शेंगदाण्याची चव आली तर हेच.